शब्दशंका : ‘शांत’ लिहायचे, पण नेमके कोणते शांत?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे, निरनिराळ्या निमित्तांनी का होईना, इंग्रजीतील शांतपणाच्या शब्दांविषयी आहेत. म्हणून या वेळी तीच एकत्र घेतली आहेत. इंग्रजी ‘काम्’ या शब्दात ‘ल’चा उच्चार होत नाही. आपल्या ‘काम’ या शब्दाशी त्याची गल्लत होऊ नये यासाठी येथे तो सर्वत्र हलन्त लिहिला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून इंग्रजी कथांचे मराठी अनुवाद करते. काम्, सिरीन, ट्रँक्विल, प्लॅसिड, पीसफुल आणि क्वाएट या सहाही शब्दांपुढे माझ्याजवळच्या शब्दकोशात पहिला अर्थ ‘शांत’ असाच दिला आहे. सध्याच्या कथेत यांतले चार शब्द दोन पानांत येतात आणि लेखकाने ते केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी बदलले असतील असे वाटत नाही. फरक कसा ओळखावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि लेखकावर आपण ठेवलेला विश्वासही योग्य आहे. शांतपणाचे शब्द हे बहुतेक नकाराचे शब्द असतात. काहीतरी तेथे नाही, म्हणून शांत वाटते. तेव्हा प्रत्येक शब्दाला ‘तुझा प्रतिपक्ष कोण?’ असे विचारावे. क्वाएटचा प्रतिपक्ष आवाज आहे, स्टिलचा हालचाल, पीसफुलचा भांडण किंवा युद्ध. एवढे तीन शब्द बाजूला काढले की अर्धे काम होते. क्वाएट गल्लीत माणसांची ये-जा असू शकते, फक्त गोंगाट नसतो. पीसफुल मोर्चात घोषणांनी कान किटतील, पण कोणी दगड उचलणार नाही. म्हणून त्याला आपण ‘शांततापूर्ण’ म्हणतो आणि तेथे ‘नीरव’ म्हणणे हास्यास्पद होईल.

काम् या शब्दाचा प्रतिपक्ष मात्र वारा आहे आणि त्यातून उठणारी लाट. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याचा जोर सांगण्यासाठी शून्य ते बारा अशी श्रेणी तयार केली. तिच्यातल्या शून्याचे नाव ‘काम्’ आहे. या श्रेणीच्या आजच्या रूपात त्या शून्याची खूण अशी दिली जाते की जमिनीवर धूर सरळ उभा चढतो आणि समुद्र आरशासारखा दिसतो. आपण ज्याला ‘वारा पडला’ म्हणतो, ती ही अवस्था. वारा पडलेला असतो याचा अर्थ तो मघाशी होता आणि कदाचित पुन्हा सुटेल. काम् या शब्दात ही आधीची किंवा नंतरची खळबळ नेहमी गृहीत असते. म्हणूनच तो क्रियापद म्हणूनही सहज चालतो. घाबरलेल्या घोड्याला, रडणाऱ्या मुलाला किंवा खवळलेल्या जमावाला ‘काम्’ करता येते. सिरीन हे क्रियापद म्हणून कोणी वापरत नाही.

या शब्दाची व्युत्पत्ती तर अगदी अनपेक्षित आहे. तो फ्रेंच आणि इटालियनमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘जळजळीत ऊन’ या अर्थाचा ग्रीक शब्द असावा, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. ऊन आणि शांतपणा यांचा संबंध काय, असे एखाद्या थंड देशातल्या वाचकाला वाटेल. ज्याने वैशाखातली टळटळीत दुपार पाहिली आहे त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. पाखरू ओरडत नाही, पान हलत नाही, गुरे सावलीला उभी, माणसे ओसरीवर आडवी झालेली. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांनी दुपारच्या त्या विसाव्याला जे म्हटले, तेच पुढे वारा पडलेल्या समुद्राला लागले असावे.

सिरीनचा प्रतिपक्ष ढग आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘निरभ्र’ असा असून तो आकाशासाठी वापरला जाई. त्यामुळे सिरीन या शब्दात नुसती खळबळ नसणे पुरत नाही. वर एक स्वच्छता, उजेड आणि उंची लागते. दारूच्या नशेत पडलेला माणूस निश्चल असेल, फार तर काम् असेल. सिरीन कधीच नसतो. युरोपातल्या काही राजघराण्यांच्या पदव्यांत आणि व्हेनिसच्या जुन्या प्रजासत्ताकाच्या बिरुदात हा शब्द आला तो याच उंचीमुळे. मराठीत यासाठी मला ‘प्रसन्न’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. आपण आज तो ‘आनंदी’ या अर्थाने वापरतो, पण संस्कृतात पाणी प्रसन्न होते म्हणजे गाळ खाली बसून ते निवळते. ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूपासून तो शब्द झाला. इंग्रजीतील सिडेट हा शब्द लॅटिनमधील ज्या धातूपासून आला, तो आणि आपला ‘सद्’ एकाच मुळाचे आहेत. चेहऱ्यावरचे सिरीन हसू ‘शांत हसू’ असे न लिहिता ‘प्रसन्न हसू’ असे लिहून पाहावे. संदर्भ गंभीर असेल तर ‘निर्मळ’ चालेल.

ट्रँक्विल हा बहुधा जागेचा शब्द आहे. तळे, दरी, मठाचे आवार, आडगावातली दुपार यांना तो शोभतो. तेथील शांतता नुकतीच आलेली नसते आणि लगेच जाणारही नसते. ती त्या जागेची राहणीच असते. आपल्या ‘निवांत’ या शब्दात हेच सुख आहे, फक्त ‘निवांत’ घरगुती आहे आणि ट्रँक्विल थोडा पुस्तकी. याच शब्दापासून १९५० च्या दशकात मन शांत करणाऱ्या औषधांचे नाव रूढ झाले, त्यामुळे नामाच्या रूपात त्याला दवाखान्याचा वास लागला. विशेषणाला तो लागलेला नाही.

सिरीन आणि ट्रँक्विल यांतला फरक पाहायचा असेल तर चंद्राचा नकाशा काढावा. रिचोली या इटालियन खगोलज्ञाने १६५१ मध्ये चंद्रावरच्या काळपट मैदानांना समुद्र मानून लॅटिन नावे दिली आणि त्यांपैकी बरीचशी हवामानावरून घेतली. कोठे वादळांचा महासागर, कोठे पर्जन्याचा समुद्र. त्याच नकाशात दोन समुद्र एकमेकांना लागून आहेत. एकाच्या नावात सिरीनचे मूळ आहे, दुसऱ्याच्या नावात ट्रँक्विलचे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ उतरले ते दुसऱ्यात. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ उतरले ते पहिल्याच्या काठाशी. मराठीत दोघांनाही ‘शांतीचा समुद्र’ म्हटले तर शेजारशेजारच्या दोन जागांना एकच नाव पडते आणि कोणते यान कोठे उतरले ते कळेनासे होते. पहिल्याला ‘निरभ्रतेचा समुद्र’ आणि दुसऱ्याला ‘निवांत समुद्र’ असे म्हटले की रिचोलीच्या मनातले हवामानही परत मिळते. पृथ्वीवरच्या ज्या महासागराला मॅगेलनने १५२० मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकाची बिकट सामुद्रधुनी पार केल्यावर, शांततेचे नाव दिले, त्यासाठी मात्र आपण ‘प्रशांत’ हा सुंदर शब्द आधीच राखून ठेवला आहे.

राहिला प्लॅसिड. लॅटिनमध्ये ‘संतोष देणे’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. गाय, तान्हे बाळ, संथ पाणी यांच्याबाबत तो कौतुकाने येतो. प्रौढ माणसाला लावला की जपून वाचावे लागते, कारण ‘याला फारसे काही लागतच नाही’ अशी एक छटा त्यात उतरते. अशा माणसाचे वर्णन करताना ‘शांत’पेक्षा ‘संथ स्वभावाचा’ हे शब्द मूळच्या अधिक जवळ जातील.

शेवटी आपल्या ‘शांत’विषयी एक सांगणे आवश्यक आहे. तो ‘शम्’ या धातूचा आहे, म्हणजे ‘शमलेला’. वादळ शमते, भूक शांत होते, वेदना शांत होतात आणि घरातले वडीलधारे माणूस गेले तर ‘आजोबा शांत झाले’ असेही आपण म्हणतो. म्हणून कथेत आजारी वृद्धाविषयी ‘तो काम् झाला’ असे असेल, तर तेथे ‘ते शांत झाले’ हे भाषांतर कृपया करू नये. ‘त्यांचा जीव थोडा निवला’ किंवा ‘त्यांची तगमग थांबली’ असे लिहावे.

प्रश्न : मी परिचर्येचे शिक्षण घेत आहे. वॉर्डातील नोंदी आम्हाला इंग्रजीत कराव्या लागतात. रात्रपाळीत एका रुग्णापुढे मी ‘क्वाएट’ असे लिहिले, तर आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी ‘तो काम् आहे की नुसता गप्प आहे, ते बघून लिही’ असे सांगितले. असे अनेक शब्द आहेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या सिस्टरांनी एका वाक्यात जे शिकवले ते शब्दकोशात सापडणार नाही. क्वाएट म्हणजे रुग्ण बोलत नाही. का बोलत नाही, हे त्यातून कळत नाही. तो भिंतीकडे तोंड करून, मुठी आवळून पडलेला असला तरी क्वाएटच असतो. काम् लिहिले तर आपण त्याच्या मनाच्या स्थितीविषयी विधान करतो आणि त्यासाठी त्याचा श्वास, चेहरा, हातांची चाळवाचाळव, विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर हे सारे पाहिलेले असावे लागते. सिडेटेड हा आणखी वेगळा शब्द आहे. औषधाने आणलेली गुंगी असाच त्याचा अर्थ घेतला जातो, म्हणून औषध दिलेले नसताना तो लिहू नये. पुढच्या पाळीतील व्यक्तीची त्याने दिशाभूल होईल. शेवटचे ‘एड’ काढलेले सिडेट, म्हणजे नुसते विशेषण, मात्र धीम्या आणि भारदस्त चालीबद्दल असते. त्याचा औषधाशी काही संबंध नाही.

कम्पोज्ड हा शब्द आपण विचारलेला नाही, परंतु रुग्णाच्या नातेवाइकांबाबत तो आपल्याला लागेल. त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र मांडलेला’, म्हणजे विखरू न दिलेला. कलेक्टेडचाही तोच, ‘गोळा केलेला’. दोन्ही शब्दांत माणसाचे स्वतःवरचे श्रम दिसतात. माझ्या आत्याचे यजमान गेले त्या सकाळी ती दारात उभी राहून आलेल्या प्रत्येकाला ‘चहा झाला का’ असे विचारत होती. आवाज नेहमीचा, केस विंचरलेले, पाठ ताठ. फक्त पदराच्या टोकाला ती एक गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती, आणि हे तिला स्वतःला ठाऊक नव्हते. येणारे लोक ‘किती शांत आहे’ असे म्हणत होते. ती शांत नव्हती. तिने स्वतःला सावरले होते. कम्पोज्ड म्हणजे ती सकाळ. मराठीत ‘सावरलेली’ हा शब्द त्यासाठी इतका चपखल आहे की तेथे ‘शांत’ लिहिणे म्हणजे त्या गाठीकडे न पाहणे होय.

आपल्या क्षेत्रातील आणखी एक दाखला देतो. विल्यम ऑस्लर या प्रसिद्ध वैद्यांनी १ मे १८८९ रोजी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात नव्या डॉक्टरांपुढे निरोपाचे भाषण केले आणि त्यात शांतपणाचे दोन भाग वेगळे काढले. पहिला इम्पर्टर्बेबिलिटी, म्हणजे संकटातही चेहरा, हात आणि आवाज ढळू न देणे. तो त्यांनी मुख्यतः शरीराचा गुण मानला. दुसरा इक्वॅनिमिटी, म्हणजे यश आणि अपयश दोन्ही सारख्याच मनाने घेणे. तो मनाचा गुण. पहिल्यासाठी मी ‘अविचलपणा’ आणि दुसऱ्यासाठी ‘समचित्तता’ हे शब्द वापरतो. दुसऱ्या शब्दाची घडण आपल्या शब्दासारखीच आहे, कारण लॅटिनमध्येही तो ‘सम’ आणि ‘मन’ यांच्याच जोडीतून झाला. गीतेतील ‘समत्व’ इंग्रजीत आणताना अनेक भाषांतरकार इक्वॅनिमिटीच लिहितात, ते याच कारणाने योग्य ठरते. पहिला गुण पाहुण्यांनाही दिसतो, दुसरा बरोबर राहणाऱ्यांनाच कळतो. त्यामुळे एका प्रसंगावरून कोणाला समचित्त म्हणू नये. त्या प्रसंगात तो अविचल राहिला एवढेच म्हणता येते.

प्रश्न : इंग्लंडमधील सहकाऱ्याने आमच्या चुकीबद्दल रागाने मेल लिहिली. मी नम्रपणे, आधी ‘प्लीज’ घालून, ‘काम् डाऊन’ असे उत्तर दिले. त्यावर ते अधिकच संतापले. ‘प्लीज’ असूनही असे का झाले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण हे आज्ञार्थी रूप समोरच्याच्या तक्रारीला उत्तर देत नाही, त्याच्या रागावर शेरा मारते. ‘तुमचे म्हणणे बाजूला राहू द्या, आधी तुमचे वागणे सुधारा’ असा त्याचा अर्थ पोहोचतो. घाबरलेल्या लहान मुलाला ते प्रेमाने म्हणता येते, बरोबरीच्या माणसाला नाही, आणि ‘प्लीज’मुळे ते मऊ होण्याऐवजी उपदेशासारखे वाटते. मराठीतही सभेत ध्वनिक्षेपकावरून ‘शांत व्हा’ असे सांगता येते. तेच घरात मोठ्या भावाला म्हणून पाहावे.

आपल्याला जे म्हणायचे होते ते बहुधा ‘जरा दमाने घेऊ या’ असे होते. त्यात ‘घेऊ या’ महत्त्वाचे आहे, कारण बोलणारा स्वतःही त्यात येतो. इंग्रजीतही तेच करावे. आधी चूक मान्य करावी, मग आपण दोघे मिळून कोणत्या क्रमाने ती निस्तरू हे लिहावे, आणि काम् हा शब्द पूर्णपणे टाळावा.

‘डाऊन’ ऐवजी ‘कीप’ किंवा ‘स्टे’ लावले की छटा बदलते. ‘काम् डाऊन’ म्हणजे तुम्ही ढळला आहात, आता जागेवर या; ‘कीप काम्’ म्हणजे तुम्ही ढळलेले नाही, तसेच राहा. ब्रिटिश सरकारने १९३९ मध्ये, युद्ध तोंडाशी आले असताना, ‘कीप काम् अँड कॅरी ऑन’ अशी भित्तिपत्रके सुमारे २४ लाख ५० हजार छापली, ती याच विश्वासाच्या सुरात. ती त्या काळी फारशी लावलीच गेली नाहीत. २००० साली इंग्लंडच्या उत्तरेकडील ॲलनिक गावी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्यांतली एक प्रत सापडली आणि त्यानंतर ते वाक्य कपांवर आणि सदऱ्यांवर जगभर पसरले.

प्रश्न : महेंद्रसिंग धोनी यांना ‘कॅप्टन कूल’ म्हणतात. एका इंग्रजी लेखात मात्र एका फलंदाजाला ‘नॉनशलंट’ म्हटलेले वाचले. दोन्ही एकच का? (एक विद्यार्थी वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. कूल माणसाला निकालाची पर्वा असते, पण तिचा ताप तो डोक्यात जाऊ देत नाही. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्वतःला वरच्या क्रमांकावर आणून नाबाद ९१ धावा करणारा कर्णधार बेपर्वा असू शकत नाही. नॉनशलंट माणसाला पर्वा नसते किंवा तो तशी नसल्याचे दाखवतो. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘गरम न होणे’ हाच भाव आहे, पण त्याचा वापर ‘काही वाटत नाही’ याकडे गेला. एखादा अवघड झेल कोणी एका हाताने सहज घेतला तर त्या सहजतेचे कौतुक म्हणूनही तो येतो. सोपा झेल सुटल्यावर आला तर ती टीका असते. पहिल्या ठिकाणी ‘लीलया’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बेफिकीर’ लिहावे.

जाता जाता, फ्रेंचमधून जसाच्या तसा घेतलेला ‘साँफ्र्वा’ हा शब्द भेटला तर दचकू नये. त्याचा शब्दशः अर्थ ‘थंड रक्त’ असा आहे, तरी तो प्रशंसेचा आहे. धोक्यात बुद्धी स्थिर ठेवणाऱ्याला तो लागतो. इंग्रजीतला स्वतःचा ‘कोल्ड-ब्लडेड’ मात्र क्रूरपणासाठी आहे. आपल्याकडे ही दोन्ही कामे ‘थंड डोके’ एकटेच करते. थंड डोक्याने निर्णय घेतात आणि थंड डोक्याने खूनही करतात, म्हणून वाक्यातील क्रियापदाकडे लक्ष ठेवावे.

प्रश्न : एका चरित्रात नायकाला ‘फ्लेग्मॅटिक’ म्हटले आहे. फ्लेम म्हणजे कफ. मग ‘कफप्रकृतीचा’ असे भाषांतर बरोबर ठरेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : मोह होतो, पण करू नये. प्राचीन ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव मानले जात आणि कफ वरचढ असलेला माणूस मंद, सहनशील, सहसा न चिडणारा असतो अशी समजूत होती. आयुर्वेदातील कफप्रकृतीचे वर्णनही स्थिर, क्षमाशील आणि संथ असेच आहे, त्यामुळे साम्य खरे आहे. परंतु आयुर्वेदात दोष तीन आहेत आणि ती शास्त्रव्यवस्था वेगळी आहे. शिवाय आजच्या इंग्रजी लेखकाच्या मनात वैद्यक उरलेलेच नाही. ‘कफप्रकृतीचा’ वाचून मराठी वाचकाला नायकाच्या खोकल्याची काळजी वाटेल. याही शब्दाचे ग्रीक मूळ ‘जळणे’ या अर्थाच्या धातूकडे जाते, हे काम्‌च्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

फ्लेग्मॅटिक ही पूर्ण स्तुती नाही आणि पूर्ण निंदाही नाही. लेखकाला नायकाचा धीर आवडतो, पण त्याच्या उत्साहाचा अभावही जाणवतो. ‘ढिम्म’ म्हटले तर निंदा फार होते, ‘धीरगंभीर’ म्हटले तर स्तुती फार होते. चरित्रनायक बातमी ऐकून पाइप पेटवतो आणि मग उत्तर देतो अशा जातीचा असेल, तर ‘सहसा न हलणारा, थंड स्वभावाचा’ असे लिहावे. तो संकटात उपयोगी पडलेला असेल, तर ‘थंड’च्या जागी ‘संथ’ घालावे.